काकू, चौकशी कुठं केली आपण?

पुतणीनं गृहपाठात लिहिलं होतं, 'आय हॅगल्ड द प्राइस', म्हणजे किमतीची घासाघीस केली. म्हटलं, बाई, नुसती किंमत हॅगल करत नाहीत. किमतीवरून, म्हणजे 'ओव्हर' लावून. आणि दुकानदाराशी असेल तर 'विथ'. या क्रियापदाचा जुना अर्थ वेडंवाकडं तोडणं, 'हॅक'च्याच भावकीतला शब्द. आपण घासतो, ते तोडतात!

संध्याकाळी तिला बेळगावच्या गणपत गल्लीत, बाजारात नेलं. मेथीची जुडी वीसला. मी पंधरा म्हटलं. भाजीवाली करवादली, "चौकासी माडब्याडरी अक्का!" पुतणी गोंधळली, "काकू, चौकशी कुठं केली आपण?" कन्नडात चौकासी म्हणजेच घासाघीस, ती करू नका म्हणतेय, हे तिला भर बाजारात सांगावं लागलं. तोवर जुडी अठराला सुटली. वर दोन मिरच्या मागितल्या, तर मावशीनं एकच टाकली, तीही वाळकी.