मलेरियाची स्लाइड

२०१९ चा तान्हा पोळा. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी लॅब टेक्निशियन होते. सणामुळे ओपीडीत शुकशुकाट. चारच्या सुमारास एका पोराला घेऊन आईबाप आणि आजी आले. वय चार, दोन दिवसांचा ताप, सकाळी झटका येऊन गेलेला. नंदीला घालायची झूल त्याच्या मुठीत तशीच होती.

आमच्याकडे ताप आणि झटका म्हटलं की आधी मलेरिया. किट लावली, निगेटिव्ह. नुसत्या किटवर माझा कधी जीव बसला नाही, म्हणून काचेवर रक्ताचा पातळ थर, म्हणजे स्मिअर, रंगवून मायक्रोस्कोपखाली घेतला. दुसऱ्याच फील्डमध्ये तांबड्या पेशीत जांभळा ठिपका. मनातल्या मनात ‘पीएफ’, म्हणजे फाल्सिपेरम मलेरिया, लिहूनही टाकलं. पण मलेरियाच्या जंतूची अंगठीसारखी कडी काही दिसेना. ठिपका भरीव, गोल. असे आणखी पाचसहा सापडले, आणि त्यांच्या आसपास विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी.

हे मलेरियाचे जंतू नव्हतेच. हॉवेल-जॉली बॉडी म्हणतात त्यांना, पेशीच्या केंद्रकाचा मागे राहिलेला कण. पानथरी (प्लीहा) धड असेल तर ती हे कण वेचून टाकते. ते रक्तात फिरताहेत म्हणजे पानथरी कामातून गेली. कॉलेजात एकदा पाहिले होते, परीक्षेपुरते.

धावत वॉर्डात गेले तर डॉक्टर मॅडम पोराची हनुवटी छातीला लावून बघत होत्या. मान लाकडासारखी. पाठीतलं पाणी काढलं. नितळ यायला हवं ते तांदळाच्या धुवणासारखं आलं. रिपोर्टची वाट न बघता मॅडमनी सेफ्ट्रियाक्झोन हे अँटिबायोटिक सुरू केलं. जंतू रंगवून बघायच्या ग्रॅम स्टेनमध्ये पू-पेशींच्या गर्दीत जांभळ्या जोड्या दिसल्या. न्युमोकोकस, मेंदूज्वराचा एक जंतू.

हा जंतू धडधाकट पोरांच्याही नाकाघशात मुक्कामाला असतो. रक्तात उतरला की पानथरी त्याला गाळून घेते. सिकलसेल या आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारात वाकड्या पेशी अडकून अडकून ती लहानपणीच सुकते, मग जंतूला मेंदूच्या आवरणापर्यंत वाट मोकळी. मेंदूज्वर आईबापांकडून येत नाही. त्याला अडवू न शकणारं रक्त मात्र येतं. या जंतूवरची लस महाराष्ट्रात सरकारी लसीकरणात आली ती २०२१ मध्ये.

१०८ ची वाट बघताना आजी बोलत होती. तान्हा असताना याचे हातपाय सुजायचे, म्हणून बिब्ब्याचे चटके दिले. “अन् याची बहीण बी अशीच गेली, बाई. दोन सालं झाली. लोक म्हनते, घरावर कोनं तरी केलं.” मी नुसतं हूं म्हटलं. हातात स्लाइड होती, पण त्या क्षणी आजीला काय दाखवणार?

तीन आठवड्यांनी पोरगं परत आलं. चालत आलं, हेच खूप. उजव्या कानाने मात्र ऐकू येईना; या मेंदूज्वरात कान जाणं नवं नाही. दिवसातून दोनदा पेनिसिलिनची गोळी ठरली. आईबापांचं रक्त मी घेतलं. बापाला आश्रमशाळेतल्या तपासणीत सिकलसेलचा वाहक (स्वतः आजारी नाही, पण दोष मुलांना देऊ शकणारा) असल्याचं कार्ड मिळालेलं होतं. ते पेटीत पडून राहिलं, सोयरीक जुळवताना कोणाला आठवलंही नाही. आईची तपासणी कधी झालीच नव्हती. सिकलच्या प्राथमिक चाचणीत तिच्या रक्ताच्या नळीमागच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या, म्हणजे तिच्याही रक्तात सिकल. पुढे इलेक्ट्रोफोरेसिस या पक्क्या तपासणीत दोघंही वाहकच निघाले.

दोघं वाहक असले की चारात एका मुलाला सिकलसेल, असं मी समजावत होते. आई म्हणाली, “चारात एक म्हनता, मंग माह्या घरी दोघं कसे?”

मी सांगितलं की दर खेपेला नव्याने चिठ्ठी निघते, आधीची चिठ्ठी पुढच्या खेपेला मोजत नाहीत. आणि मुलीला सिकल होता की नाही, हे कोण सांगणार आता? तिची तपासणी झाली नव्हती. “झाली होती ना,” ती म्हणाली. “येथीसाच रक्त घेतलं होतं, बोटातून.”

ती गेल्यावर कपाटातून दोन वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं. नाव सापडलं. वय तीन, ताप, एमपी (मलेरियाचे जंतू) निगेटिव्ह. अक्षर माझंच. ती स्लाइड केव्हाच धुऊन पुन्हा वापरात गेली होती.