पहिल्या पावसात पोरांना घेऊन राजमाची : माझा अनुभव

मागच्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही लोणावळ्याजवळच्या राजमाची किल्ल्याला गेलो होतो. मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि साडेचार वर्षांचा धाकटा. लहान पोरं घेऊन पहिल्या पावसात डोंगरात जायचा विचार असेल तर हे नक्की वाचा, कारण आम्ही दोघं लग्नाआधीपासून ट्रेक करतोय, लोणावळा ते उधेवाडी (किल्ल्याखालचं गाव) हे पंधरा-सोळा किलोमीटर कितीतरी वेळा चालत केलेत, आणि तरी आमचा अंदाज चुकला.

पोरांना काजवे दाखवायचे होते, म्हणून शनिवारी गावातल्या एका काकांच्या जीपने उधेवाडीला गेलो, रात्री काजवे दिसले, इतके की लेक बराच वेळ बोललीच नाही. रविवारचा यलो अलर्ट होता पण सकाळी सातला आकाश मोकळं, म्हटलं राजमाचीचा श्रीवर्धन बालेकिल्ला करून दुपारच्या आत खाली येऊ.

वर चढताना काहीच त्रास नाही हो. त्रास उतरताना. आम्ही वर असतानाच सर आली आणि अर्ध्या तासात वाट ओळखू येईना. भर पावसाळ्यात शेवाळावरून घसरतं ते सगळ्यांना माहीत असतं, पण पहिल्या सरींचं वेगळंच असतं, उन्हाळाभर साठलेली धूळ भिजून कातळावर चिखलाचा पातळ थर होतो, आणि घसाऱ्यातले (सुट्या दगड-मातीच्या उतारावरचे) दगड धरून ठेवणारी माती सुटलेली असते, मोठ्या माणसाचा पाय पडला की दगड सुटतो आणि खाली चालणाऱ्या पोराच्या अंगावर जातो. म्हणून आम्ही पोरांना पुढेमागे न ठेवता एकेकाने एकेक पोर अगदी जवळ, हात धरून उतरवलं. धाकट्याला दिसेल तो दगड उचलायची सवय, आणि या दिवसात बिळांमधे पाणी शिरलं की विंचू, फुरसं बाहेर येऊन दगडाखाली बसतात, त्यामुळे त्याच्या हातात मुद्दाम माझ्या सॅकचा पट्टा दिला. वीज चमकल्यावर गडगडाट यायला नऊ सेकंद लागले, म्हणजे तीनेक किलोमीटरवर आली होती, मग माथ्याजवळ कुठे टेकलोच नाही, तडक खिंडीतल्या भैरवनाथाच्या देवळापर्यंत आलो आणि तिथून गावात.

इथे आम्हाला वाटलं सुटलो. जेवण झालं, जीप निघाली, आणि वाटेतल्या एका ओढ्यापाशी काकांनी गाडी थांबवली. पाणी गुडघ्याएवढं दिसत होतं, दोन पोरं बाइक ढकलत पार पण झाली, नवरा म्हणाला मी धाकट्याला खांद्यावर घेऊन जातो. काका खाली उतरले, पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला आणि म्हणाले, "ताई, ह्यो बघत ऱ्हावा." पाच-सात मिनिटांत दगड दिसेनासा झाला. पाणी आधी चहासारखं होतं ते गढूळ लाल झालं, वरून पालापाचोळा आणि काटक्या यायला लागल्या. आमच्या डोक्यावर पाऊस जवळजवळ थांबला होता, पण वर डोंगरात पडतच होता ना. 30 जून 2024 ला भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण असेच वाहून गेले, त्यात लहान मुलं होती, ती बातमी मला तिथे उभ्याउभ्या आठवली आणि मी नवऱ्याला सांगितलं की अंधार झाला तरी चालेल, पण आपण थांबायचं.

थांबलो अडीच तास. आणि खरी भीती मला पाण्याची नाही, धाकट्याची वाटली. तो ओढा बघायला म्हणून आमच्याबरोबर बाहेर उभा होता, रेनकोटच्या आत सगळा कॉटनचा ड्रेस भिजलेला, वारा सुटलेला. आधी कुरकुर करत होता, थंडी वाजतेय म्हणत होता, आणि मग एकदम गप्प. मला वाटलं झोप आली असेल. बिस्कीट दिलं तर बोटातून खाली पडलं, परत दिलं, परत पडलं. ओठ निळसर. जूनमधे कसली थंडी असं आपण म्हणतो, पण लहान मुलांच्या अंगाला वजनाच्या मानाने कातडी जास्त असते, भिजून वाऱ्यात उभी राहिली की ती आपल्यापेक्षा खूप लवकर गार पडतात आणि सांगत नाहीत. तोपर्यंत मला रडणाऱ्या पोराचीच काळजी वाटायची, आता गप्प झालेल्याची जास्त वाटते.

जीपमधे घेतलं, सगळे ओले कपडे काढले, कोरड्या टॉवेलने टिपलं, माझ्या टीशर्टच्या आत छातीशी धरलं, वरून नवऱ्याचं जर्किन आणि काकांचं घोंगडं, डोक्याला कोरडी टोपी. हातपाय चोळले नाहीत, चोळायचे नसतात, आधी छाती-पोट गरम करायचं असतं. डोळे उघडून नीट गिळतोय हे बघितल्यावर थर्मासमधलं कोमट साखरपाणी घोटघोट दिलं, मग चिक्कीचा छोटा तुकडा. वीसेक मिनिटांनी तो कुडकुडायला लागला आणि मग मोठ्यांदा रडला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. लक्षण सुधारलं नसतं तर 108 ला फोन करायचा होता, पण तिथे रेंजच नव्हती, हे मी आधी विचारातच घेतलं नव्हतं.

पाणी उतरायला लागलं तेव्हा काकांचा दगड परत वर आला. तरी त्यांनी अजून अर्धा तास थांबवलं, मग स्वतः काठी टेकत पलीकडे जाऊन आले आणि मगच गाडी घातली. लोणावळ्यात पोचलो तेव्हा साडेसात झाले होते.

यंदा पोरांना परत काजवे बघायचेत. इकडे पाऊस साधारण 10-11 जूनला येतो, म्हणून मेचा शेवटचा आठवडा ठरवलाय, किल्ला नाही, फक्त गाव. प्रत्येक पोराचे दोन जोड कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, कॉटन अजिबात नाही. काकांना फोन केला तर त्यांनी पहिलं हेच विचारलं, "धाकटा बरा हाय ना?"