झाडांची हजेरी

सोलापुरातली गड्ड्याची यात्रा संपली, होम मैदानावरचे पाळणे उतरले, की आमच्या कॉलेजच्या निसर्ग मंडळाच्या ग्रुपवर एकच चौकशी सुरू होते: मेळाव्याला रविवार कोणता धरलाय? जानेवारीचा शेवटचा, नाहीतर फेब्रुवारीचा पहिला. त्यापुढे ढकललं तर हुरडा निबर होतो आणि सोलापूरचं ऊन अकराच्या आत माणसाला सावलीला पिटाळतं. मेळाव्याची नोंदवही बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे कोण आलं आणि कोण "नक्की येते गं" म्हणून आलं नाही, हे मला जरा जास्तच पाठ आहे.

पहिल्या तासाबद्दल फार लिहीत नाही. स्वागत, प्रास्ताविक, परिचय, अहवाल. हाराऐवजी पाहुण्यांना रोप देतो. ते बहुतेक वेळा खुर्चीखालीच राहतं आणि परत रोपवाटिकेत जातं. एक कढीपत्ता तर असा दोन-तीन पाहुण्यांच्या हातून फिरून आलाय, आता चांगला कमरेएवढा झालाय. पाहुण्यांचं भाषण हिमनद्यांपासून निघतं, ॲमेझॉनच्या जंगलात जातं, पण वाटेत सोलापूर काही लागत नाही.

मग माळीमामा उठतात, काखेतली लांब चोपडी उघडतात आणि हजेरी सुरू होते.

ही हजेरी माणसांची नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालामुळे पर्यावरण हा विषय पदवीला सक्तीचा व्हायचा होता, पण वर्गात प्रत्यक्ष यायला २००४ उजाडलं. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं तेही त्याच साली. त्याआधी आमच्या वरच्या बॅचच्या गुणपत्रिकांवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं नाव असायचं. विषय आला तसा प्रकल्पही आला, आणि प्रकल्प म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात मिळणारी गेल्या वर्षीची फाइल. फक्त नाव बदलायचं. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या बाई ते बघून वैतागल्या. "मला कागद नकोत. एक झाड घ्या आणि तीन वर्षं सांभाळा," म्हणाल्या. मार्क विद्यापीठाच्या नियमाने जे मिळायचे ते मिळाले, पण झाड प्रत्येकाच्या गळ्यात पडलं. मंडळ त्यातनंच उभं राहिलं.

तेव्हापासून मामा बॅचवार झाडं पुकारतात. ज्याचं झाड असेल त्यानं उभं राहून "हजर" म्हणायचं. झाड मेलं असेल तर "गेलं" म्हणायचं, आणि कसं गेलं तेही सगळ्यांसमोर सांगायचं. "पाणी नव्हतं" एवढं उत्तर चालत नाही. कुठल्या महिन्यात नव्हतं, टाकीत नव्हतं की तुझ्या बादलीत नव्हतं, हे मामा विचारतात. एकदा एका मुलाने करंज वाळला म्हणून सांगितलं, तर मामा म्हणाले, "वाळला नाही बाळा, बुडाला. सप्टेंबरच्या पावसात काळ्या रानात पाणी तुंबलं, मुळ्या कुजल्या. तू वरून आणिक पाणी घालत बसलास." आमच्याकडे वर्षाला पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलीमीटर, आणि तरी झाड पाण्यानं मरतं! काळी माती उन्हाळ्यात भेगाळून मुळं उघडी पाडते आणि पावसाळ्यात पाणी धरून बसते. हे मी पुस्तकात वाचलं नव्हतं, त्या चोपडीतून ऐकलं.

मरणाची कारणं ऐकत बसावं. मार्चमधल्या वाळल्या गवताची आग. कुंपणातनं शिरलेली शेळी. केबलसाठी खोदलेली चर. आणि दरवर्षी सगळे हसतात ते कारण, "पाहुण्यांच्या हातचं झाड". समारंभाने लावलेले गुलमोहर आणि बकुळ फार टिकले नाहीत. कडुनिंब, बोर, हिवर, बाभूळ मात्र बिनबोभाट "हजर" म्हणत राहिले.

मला दरवेळी गलबलून येतं ते पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या पोरांचं बोलणं ऐकून. पूर्व भागातली एक मुलगी होती, घरी तेलुगू बोलणारी, वडील यंत्रमागावर. वर्षभर तिचं तोंड कुणी उघडलेलं पाहिलं नव्हतं. तिच्या वाट्याला हिवराचं रोप आलं होतं. तिनं रोपाशेजारी एक साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं, वर झाकणी ठेवली. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, तेव्हा पाण्याच्या दिवशी मडकं भरायचं. इथवर सगळेच करतात. पण ही रोज काडी घालून मडक्यातली पातळी बघायची आणि वहीत मांडायची. आधी पाणी सावकाश उतरायचं, उन्हाळ्यात भराभर उतरायला लागलं. "मडकं फुटलं काय की, म्हणून बाजूची माती काढून बघितलं," ती सांगत होती, "तर बारीक मुळ्या मडक्याला येऊन चिकटलेल्या." कोरडी माती मडक्यातून पाणी ओढते आणि मुळं त्या ओलीकडे धावतात, हे तिनं स्वतः शोधून काढलं होतं. बोलताना वही थरथरत होती. बाईंनी चष्मा काढून पुसला. आजही कुणी मंडळाचं काम काय विचारलं की मी तिची वही सांगते.

पदार्थविज्ञानाच्या पोरांचा पाण्याचा जमाखर्चही मला आवडतो, पण तो आकड्यांचा असल्यामुळे मागच्या रांगा तेव्हा चहाला जातात. हिशेब साधा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. हजार चौरस मीटरच्या छतावर पाचशे मिलीमीटर म्हणजे पाच लाख लिटर; उडून-सांडून गेलेलं वजा जाता चार लाख तरी हाती लागावं. एका पोरानं हे फळ्यावर मांडलं आणि विचारलं, "मग आपण टँकर का बोलावतो?" सभेत चिडीचूप. पुढच्या पावसाळ्याच्या आत छताचा पाइप गाळणीतून जुन्या विहिरीत सोडला होता.

भांडणंही झाली आहेत. एका मेळाव्यात माजी विद्यार्थ्यांनी नान्नजकडच्या माळावर पाचशे रोपं लावायचा बेत मांडला. टाळ्या पडल्या, वर्गणीही जमायला लागली. बाई उठल्या आणि सरळ नाही म्हणाल्या. तिथे माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे, १९७९ चं. तो पक्षी उघड्या गवताळ माळावर जमिनीवरच, बहुधा एकच अंडं घालतो. त्याला लांबवर दिसायला हवं, आडोसा नको. पवन्या, मारवेल, कुसळी हेच तिथलं रान. काळवीट, लांडगा, चंडोल सगळे त्याच्यावर जगतात. "रिकामं दिसलं की झाड लावायचं, हा काय रोग लागलाय तुम्हाला?" असं त्या भर सभेत बोलल्या. दोघे-तिघे दुखावले, त्यातला एक अजून येत नाही. मला बाईंचंच पटलं होतं आणि पटतं. त्या वर्षीपासून पोरं कॉलेजमागच्या पडीक तुकड्यावर गवताचं बी गोळा करतात.

पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे निसर्गलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. चितमपल्ली मूळचे सोलापूरचे, अखेरचा काळही इथेच गेला. जून २०२५ मध्ये ते गेले. त्यानंतरच्या मेळाव्यात सगळे उभे राहिले, तेव्हा मागून एक पोरगं कुजबुजलं, "आपल्या गावचे होते व्हय?" त्याच्या वर्गशिक्षकांशी मला बोलायचंय.

आता माणसांच्या हजेरीकडे येते, कारण राग आहेच. पुण्याला गेलेले येत नाहीत हे एकवेळ समजू शकते. पण इथेच, शहरातल्या जुळे सोलापुरात राहून, रविवारी सकाळी मॉलचे फोटो टाकून, मेळाव्याच्या निरोपाला नुसता अंगठा दाखवणारे? त्यांची झाडं हजर असतात. शेजारी कुणी नसतं, म्हणून मामाच "हजर" म्हणतात आणि पुढचं नाव घेतात.

जे येतात, राबतात, त्यांची नावं छापलेली त्यांनाच आवडत नाहीत, म्हणून कामानं सांगते. शेंगाचटणी खलबत्त्यात कुटून आणणाऱ्या कॅन्टीनच्या मावशी. मंगळवेढ्याकडून पहाटे कणसं घेऊन येणारे एका माजी विद्यार्थ्याचे वडील, जे हुरड्याचे पैसे घेत नाहीत आणि विषय काढला की चिडतात. आगटी पेटवणारे वॉचमनदादा, कारण आमच्यापैकी कुणालाही ती धूर न करता पेटवता येत नाही. टिकाव-खोऱ्यांना दांडे बसवून देणारे प्रयोगशाळेतले काका. चादरीच्या तुकड्यांच्या पिशव्या शिवणाऱ्या त्या हिवरवाल्या मुलीच्या आजी. दुष्काळात रात्री अकराला टँकर आत घेऊन येणारे भाऊ. एनएसएसची पोरं आणि त्यांचा खरखरणारा स्पीकर. सगळं उरकल्यावर उष्टं, कागद, प्लास्टिक वेगळं करून देणाऱ्या सफाईच्या दोघी ताई; त्यांना आधी जेवायला बसवायचं, हे यंदापासून ठरलंय. फोटो काढणारा रिक्षावाला मित्र. आणि हो, ग्रंथालयातल्या मॅडम, ज्यांनी मामांची चोपडी ओली झाली तेव्हा अख्खी हातानं उतरवून काढली. कुणी राहिलं असेल तर मला फोन करा, ग्रुपवर टाकू नका.

यंदा परगावच्या काहींनी व्हिडिओ कॉलवर हजेरी देऊ द्या, अशी मागणी केली. मी मामांना विचारलं. ते आता निवृत्त झालेत, तरी चोपडी त्यांच्याच घरी असते. म्हणाले, "फोनवर झाड दिसतंय का त्यांचं? मग येऊन बघा म्हणावं." मी तसंच्या तसं कळवलंय. त्यावरही सात जणांनी अंगठा दाखवलाय.