आहुप्याच्या राईत शिरताना

आहुपे हे पुणे जिल्ह्यातलं घाटमाथ्यावरचं गाव. तिथे जाताना घोडेगाव मागे पडलं की रस्ता डिंभे धरणाच्या फुगवट्याला धरून वर चढू लागतो. हे धरण घोड नदीवर आहे आणि घोड नदीचा उगम आहुप्याच्याच डोंगरात आहे. म्हणजे या वाटेनं जाणारा नदीच्या उलट अंगानं, उगमाकडे जातो. भाद्रपद सरताना आम्ही गेलो तेव्हा खाचरांत भात पोटरीला आलं होतं आणि उतारांवर नाचणी-वरई उभी होती. पुण्याहून यायचं तर राजगुरुनगर, मंचर, घोडेगाव, डिंभे असा रस्ता आहे. एसटी मोजक्याच आहेत. उतरतानाच वाहकाला परतीची वेळ विचारून ठेवावी.

आहुप्यातली राई, म्हणजे देवराई, भैरवनाथाची. गाव महादेव कोळ्यांचं. अशा राया घाटमाथ्यावर जागोजागी आहेत. कोकणात त्यांनाच देवरहाटी म्हणतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा शोधनिबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध केला आणि गावांनी देवाच्या नावानं राखलेली ही रानं वनस्पतिशास्त्राच्या नकाशावर आली. गावाच्या नकाशावर ती त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

राईत पाय ठेवण्याआधी गावात विचारायचं. पुजारी किंवा जाणत्या माणसाला विचारलं की तीन गोष्टी कळतात: चपला कुठे काढायच्या, कुठपर्यंत जायचं, आणि कुठल्या दिवशी जायचंच नाही. हे नियम प्रत्येक राईचे वेगळे असतात. एका गावचे दुसऱ्या गावात चालत नाहीत. एकावेळी सहा-आठ माणसं पुरे, तीही एकामागे एक, मळलेल्या वाटेनंच. याला कारण आहे. मोठ्या झाडांखाली बोटभर उंचीची रोपं वर्षानुवर्षं उजेडाची वाट बघत तग धरून असतात. वरचं झाड पडलं, उजेड आला, की त्यांच्यातली काही झपाट्यानं वर जातात. फोटोसाठी वाट सोडून चार माणसं उभी राहिली की ही पुढची पिढीच तुडवली जाते, आणि तुडवणाऱ्याला ते कळतही नाही.

आत शिरल्यावर पहिल्यांदा वर बघू नका, खाली बघा. ओल्या, अर्धवट कुजलेल्या पानांचा थर पायाखाली दबतो. वरची पानं ओळखू येतात, त्याखालची जाळीदार झालेली असतात, आणि तळाशी काळी, भुसभुशीत माती. तिला पांढऱ्या बुरशीचे धागे बांधून ठेवतात. सरपणाची गरज असलेल्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या इथली सुकी काटकीही उचलली नाही, म्हणून हा थर आहे. राईतलं पडलेलं लाकूडही देवाचं, हा नियम पाळणं सोपं नसतं. चूल पेटवायला दोन कोस लांबून मोळी आणायची आणि दाराशी पडलेलं लाकूड तिथेच कुजू द्यायचं. इथली श्रद्धा मला सगळ्यात जास्त या न उचललेल्या काटकीत दिसते.

या थराचं काम मोजून बघता येतं. १५ सें.मी. व्यासाचा, दोन्ही तोंडं उघडी असलेला पत्र्याचा डबा घ्यायचा. तो जमिनीत ५ सें.मी. दाबायचा, आतल्या कडेनं ओली माती दाबून फट बुजवायची, नाहीतर पाणी कडेनं निसटतं आणि मोजमाप फसतं. मग ४५० मि.ली. पाणी ओतायचं. साधारण अडीच सें.मी.चा थर होतो. तो मुरायला किती वेळ लागला ते लिहून लगेच दुसऱ्यांदा तेवढंच पाणी ओतायचं आणि हा दुसरा वेळ धरायचा. पहिला वेळ माती किती कोरडी होती यावर अवलंबून असतो. हे राईच्या गाभ्यात करू नये. कडेला, पानगळ साठलेल्या जागी आणि शेजारच्या चराऊ माळावर, तेही विचारून करावं. माळावर गुरांच्या खुरांनी ठोकलेल्या जमिनीत पाणी डबक्यासारखं उभं राहतं. झाडांखाली ते बघता बघता दिसेनासं होतं. राईतून येणारे ओहोळ पाऊस सरल्यावरही झुळझुळत राहतात, ते या मुरलेल्या पाण्यावर.

आता वर. या पट्ट्यातल्या रानाची मुख्य झाडं अंजनी, जांभूळ आणि पिसा. त्यांच्यात आंबा, हिरडा, बेहडा आणि अंगठ्यापासून मांडीपर्यंत जाडीच्या महावेली. अंजनीचं लाकूड फार कठीण आणि वाढ अगदी सावकाश, त्यामुळे अंजनीचा जाड बुंधा दिसला की त्या जागेला फार काळ कुऱ्हाड लागलेली नाही असं समजावं. घेर मोजायचाच तर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर दोरी धरायची. उतारावर वरच्या बाजूनं मोजायचं. बुंध्याला फळीसारखी मुळं फुटली असतील तर त्यांच्या वर. खिळा, रंग, पाटी काहीही लावायचं नाही.

शेकरू, म्हणजे झाडांवर राहणारी मोठी खार, दिसायला हवं असेल तर सकाळी लवकर, एका जागी वीस मिनिटं गप्प बसावं. काटक्या-पानांची गोल घरटी उंच शेंड्यांत असतात आणि एका शेकराची अशी अनेक घरटी असतात. ते जमिनीवर क्वचितच उतरतं, त्याचा रस्ता फांद्यांतून जातो. म्हणून ‘रान साफ’ करायला वेली तोडल्या किंवा रस्त्यासाठी मधली चार झाडं काढली, की राई कागदावर तेवढीच राहते, पण शेकरासाठी तिचे दोन तुकडे होतात. शेजारचं भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये याच प्राण्यामुळे जाहीर झालं.

देवरायांचं सगळ्यात मोठं नुकसान मी जीर्णोद्धारात बघितलं आहे, आणि ते करणारी माणसं भक्तच असतात, म्हणून ते बोलायला जड जातं. देव मुळात शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे न घडवलेला दगड, झाडाखाली, कुठे कुठे छपराशिवाय. देवाला छप्पर आवडत नाही असंच अनेक गावं सांगतात. मग पैसा येतो आणि सभामंडप ठरतो. वाळू-सिमेंटच्या गाड्यांसाठी रस्ता रुंद होतो, चाकांखाली माती दाबली जाते, तिच्यातली हवा जाते आणि वाटेकडेची जुनी झाडं तीन-चार वर्षांनी शेंड्याकडून वाळू लागतात. इतक्या उशिरा वाळतात की कोणी त्याचा रस्त्याशी संबंध जोडत नाही. मोठ्या झाडाला सिमेंटचा पार बांधताना बुंध्याचा तळ भरावात गाडला जातो, साल ओली राहून कुजते. पार हवाच असेल तर सुट्या दगडांचा, मातीची मूळ पातळी न बदलता, आणि बुंध्याभोवती निदान हातभर मोकळी जागा सोडून. मंडप राईबाहेर, गावठाणाच्या बाजूला बांधला तर देवही राहतो आणि रानही. वाघबारशीला वाघोबाच्या दगडापुढे नैवेद्य ठेवणाऱ्या गुराख्यांना मंडप कधी लागला नाही.

झाडांच्या शेंड्यांचं छत फाटलं की कडेनं घाणेरी आणि रानमोडी ही तणं घुसतात. इथे मदतीला येणाऱ्यांची पहिली चूक होते: एका दिवसात सगळं उपटून जागा उघडी करणं. पुढच्या पावसात तिथे तेच तण दुपटीनं येतं. थोडा पट्टा घ्यावा आणि सलग तीन वर्षं त्याच्याकडे परत यावं. रानमोडी पाऊस ओसरताना, माती ओली असताना आणि फुलं येण्याआधी मुळासकट उपटावी. घाणेरी नुसती वरून छाटली तर अधिकच फुटते. तिचं मूळ जमिनीखाली ३ ते ५ सें.मी.वर कुदळीनं तोडून गड्डा उलटा ठेवावा. तिच्या जाळीत देशी रोपं असतात. ती आधी हेरून कापडाच्या चिंधीनं खूण करावी, आणि काम संपल्यावर चिंध्या मोजून परत न्याव्यात.

दुसरी चूक राईत झाडं लावण्याची. गुलमोहर, सुबाभूळ तर नाहीच, पण देशी रोपंही आत नकोत. आतल्या झाडांचं बी आत आहेच, त्याला जागा आणि सावली लागते. रोपं राईच्या बाहेर, कडेनं ३०-४० मीटरच्या पट्ट्यात लावावीत. बी राईतून न उचलता बाहेरच्या झाडांचं घ्यावं, प्रत्येक जातीच्या निदान आठ-दहा झाडांचं, म्हणजे सगळी रोपं एकाच आईची होत नाहीत. जांभळाचं बी वाळलं की मरतं, गर धुऊन पंधरवड्याच्या आत पेरावं. हिरड्याचं उलट आहे. हिवाळ्यात पडलेली पिकली फळं गोळा करून गर काढायचा, आठळी वाळवायची, पेरण्याआधी दोन दिवस पाण्यात भिजवायची. तरी उगवण सावकाश आणि कमीच होते. रोपं हवीत त्याच्या तिप्पट बी घ्यावं.

हिरड्याची इथे आणखी एक गोष्ट आहे. बाळहिरडा म्हणजे आठळी धरण्याआधी काढून वाळवलेलं कच्चं फळ. त्यावर इथल्या घरांचा उन्हाळ्यातला पैसा उभा राहतो. पण कच्चं फळ काढलं की बी तयार होत नाही. बांधावरच्या हिरड्यांखाली म्हणून रोप सापडत नाही. राईतल्या हिरड्याला मात्र कोणी हात लावत नाही, त्याचं फळ पिकून पडतं, रानातली जनावरं ते खाऊन बी इकडेतिकडे टाकतात. बांधावरच्या प्रत्येक झाडाची एक फांदी न झोडपता सोडली तर बाहेरही हे होईल.

सर्वोच्च न्यायालयानं १८ डिसेंबर २०२४ च्या निकालात राजस्थानातल्या ओरणांचं, म्हणजे तिथल्या देवरायांचं, सर्वेक्षण करून नकाशे तयार करायला सांगितलं आणि केंद्रानं देशभरच्या देवरायांसाठी धोरण आखावं असंही म्हटलं. आपल्याकडे याची सुरुवात गावानंच करावी: राईची हद्द चालत जाऊन नोंदवायची, जुन्या खुणांची नावं लिहायची, आणि ते ग्रामसभेच्या ठरावात घालायचं. सातबाऱ्यावर देवाचं नाव नसलेल्या राया आधी जातात.

पावसाळ्यात या रानात रात्री काही सडलेल्या फांद्या हिरवट उजेड देतात. तो लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचा. रात्री राईत शिरू नये. गावातल्या माणसाबरोबर कडेला उभं राहावं, बॅटरी आणि मोबाइल बंद करून वीस-पंचवीस मिनिटं थांबावं, म्हणजे डोळे अंधाराला सरावतात. आधी काही दिसत नाही, मग जमिनीवर एक फिकट रेघ, मग तिच्याशेजारी दुसरी. लोक चमकणारी फांदी उचलून खोलीवर नेतात. तिथे ती सुकते आणि विझते. फोटो हवा असेल तर कॅमेरा तिवईवर लावून ३० सेकंदांपर्यंत उघडा ठेवावा, फांदी जिथे आहे तिथेच असू द्यावी.