आमच्या घरी डोळ्यांचा कीबोर्ड आला

ह्यांची पेनावरची पकड गेली तेव्हा कुणाला मोठं काही वाटलं नव्हतं. सुताच्या पेढीवर आयुष्यभर हिशेब लिहिलेला माणूस, वय झालं असेल म्हणालो. मग सही जुळत नाही म्हणून बँकेनं चेक परत पाठवला, तिथून एमआरआय, ईएमजी म्हणजे स्नायू-नसांची विजेची तपासणी, पुण्याच्या खेपा, आणि शेवटी मोटर न्यूरॉन डिसीज. त्या दिवसांवर लिहीत नाही. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना ते पाठ आहे, इतरांना सांगून कळायचं नाही. मला सांगायचंय ते ह्यांचं बोलणं जाताना आम्ही काय काय केलं ते.

या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. हात, पाय, जीभ, गिळणं, श्वास, एकेक करून सगळं जातं. पण डोळे फिरवणारे स्नायू बहुतेकांत बराच काळ टिकतात, आणि संवेदना तर असतेच. म्हणजे डास चावला की कळतं, फक्त हाकलता येत नाही. आमच्याकडे सगळी मदार ह्यांच्या डोळ्यांवर राहणार, हे स्पीच थेरपिस्टनं पहिल्याच भेटीत सांगितलं. आणखी एक सांगितलं: आवाज आहे तोवर तो साठवून ठेवा.

ह्यांना ते अशुभ वाटलं. "मी काय लगेच चाललोय का?" मग आमच्या लेकीनं फोन हातात घेऊन गप्पा मारता मारता रेकॉर्डिंग केलं. लांबलचक काही नाही, रोजचीच वाक्यं. "चहा कडक कर." "पंखा वाढवा जरा." नातवाला मारायची हाक, माझ्या भावाला घालायची ठेवणीतली शिवी, आणि "अगं ए". 'स' आणि 'र' तेव्हाच घसरायला लागले होते. आज कॉम्प्युटरवर त्या वाक्यांची एक वेगळी पाटी आहे. एका चौकोनाकडे बघितलं की एक वाक्य वाजतं. शिवीचा चौकोन लेकीनं मुद्दाम मोठा ठेवलाय.

मशीनच्या आधी मात्र अक्षरं लिहिलेला पुठ्ठा आला, आणि तो मी कुणालाही पहिला सुचवीन. आपली वर्णमाला मुळातच ओळींत लावलेली आहे, त्याचा इतका उपयोग होईल असं शाळेत कधी वाटलं नव्हतं. मी विचारायची, "क-वर्ग? च-वर्ग? ट-वर्ग?" ह्यांनी डोळे वर केले की ती ओळ. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. काना-मात्रा आम्ही सोडूनच दिल्या. 'प-ण' म्हणजे पाणी, 'क-न' म्हणजे कान खाजतोय. 'च-द-र' आलं की मात्र पंचाईत. सोलापूरच्या घरात चादर सगळीकडे, ती घालायची की काढायची? मग एप्रिलात काढायची आणि जानेवारीत घालायची असं ठरवून टाकलं. शेजारच्या वैनींनाही चार दिवसांत पुठ्ठा जमायला लागला.

मधल्या काळात फोन वापरून बघितला. अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून कॅमेरा चेहऱ्याची हालचाल ओळखतो. भुवया उंचावल्या, तोंड उघडलं, हसलं, की ती बटण दाबल्यासारखी धरली जाते. स्क्रीनवर एकेका जागी चौकट सरकत राहते, हवी तिथं आली की भुवई उंचवायची. काम चांगलं होतं, पण माणूस टीव्ही बघतानाही भुवया उंचावतोच. एकदा बातम्या चालू असताना ह्यांच्या जुन्या शेठना फोन लागला आणि ते बिचारे पलीकडून "हॅलो, हॅलो" करत राहिले.

नातेवाईक एव्हाना एकच नाव घ्यायला लागले होते: स्टीफन हॉकिंग. आपल्याकडे या आजाराचा तेवढाच माणूस सगळ्यांना ठाऊक. त्यांचा आवाज १९८५ मध्ये गेला. आधी ते हातातल्या बटणानं शब्द निवडत, पुढे हात गेल्यावर गालाच्या हालचालीनं. इंटेलनं त्यांच्यासाठी केलेलं सॉफ्टवेअर २०१५ मध्ये सगळ्यांना फुकट खुलं केलं, ही मोठीच गोष्ट. पण त्यांच्यामागे इंजिनिअरांची फौज होती आणि भाषा इंग्रजी होती. आमच्याकडे पुण्यात नोकरी करणारी लेक आणि सोलापुरातल्या रेल्वे लाइन्स भागातला एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला.

डोळ्यांचा ट्रॅकर लेकीच्या मित्रानं आधी वापरून बघायला दिला. गेम खेळणाऱ्यांसाठी असतो त्यातला. खास रुग्णांसाठीचे लाखाच्या पुढे जातात, त्यामुळे आधी उसना आणून बघणं शहाणपणाचं. पट्टीसारखी वस्तू, स्क्रीनच्या खाली चिकटवायची. ती डोळ्यांवर न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकते, बुबुळावरची त्याची चमक आणि बाहुली कॅमेऱ्यानं पकडते, आणि नजर स्क्रीनवर कुठं आहे ते काढते. सुरुवातीला ठिपक्यांकडे बघून तिला आपले डोळे ओळखवून द्यावे लागतात. विंडोजमध्ये नजरेनं माउस आणि कीबोर्ड चालवायची सोय २०१७ पासूनच आहे, हे आम्हाला ट्रॅकर घरी आल्यावर कळलं.

ऐकायला सोपं वाटतं, पण खरी मेहनत जागा लावण्यात गेली. स्क्रीन चेहऱ्यापासून दोन फुटांवर हवी आणि चेहऱ्याला समांतर हवी. पलंगाची पाठ थोडी खाली केली की सगळं बिघडतं. टेबलावर ठेवून चालत नाही, पलंगाला पकडणारा हात लागतो. तो आम्ही एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी करून घेतला, जड आहे पण हलत नाही. दुसरा वैरी ऊन. उन्हातही इन्फ्रारेड असतंच, आणि आमची खिडकी पश्चिमेची. दुपारी तीननंतर बाण स्क्रीनभर नाचायचा. जाड पडदा लावल्यावर थांबला. ह्यांचा बायफोकल, म्हणजे दूरच्या-जवळच्या दोन नंबरांचा चष्मा अडत होता, म्हणून जवळचं दिसणारा साधा एकाच नंबरचा करून घेतला. लाइट गेली की लॅपटॉप चालतो पण पलंगाची मोटर बंद, म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी मोठी घेतली.

आणि नजर थांबवण्याचा वेळ. जिथं नजर थांबेल तिथं क्लिक होतं, त्यामुळे नवा माणूस नुसतं वाचायला गेला तरी दहा खिडक्या उघडतो. आम्ही आधी दीड सेकंद ठेवला, सवय झाल्यावर कमी करत आणला. डोळे कोरडे पडतात, थेंब घालावे लागतात, संध्याकाळी दमतात. मग मशीन बंद आणि पुन्हा पुठ्ठा.

मराठी लिहिताना जोडाक्षरं जीव काढतात. 'प्र' म्हणजे प, हलन्त, र, तीन वेळा नजर रोखायची. हे रोमनमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला लागले, तर इंग्रजी आवाजानं ते असं वाचलं की नातू हसून लोळला. आता रोमन अक्षरं निवडली की देवनागरी उमटतं आणि मराठी आवाज वाचतो. तो आवाज ह्यांचा नाही, पण ऐकून सवय झाली.

एवढ्या खटाटोपाचं काय झालं ते सांगते. पुठ्ठ्यावर असताना सुरुवात आमची असायची. पाणी हवंय? दुखतंय? कूस बदलू? बहुतेक वेळा ह्यांनी फक्त हो किंवा नाही म्हणायचं. आम्ही न विचारलेली गोष्ट ह्यांच्या मनात असू शकते हे कळत होतं, पण आम्ही पुठ्ठा धरल्याशिवाय तिथवर पोचायला वाट नव्हती. कीबोर्डवर हात, म्हणजे डोळे, बसल्यावर एका सकाळी मी भाजी निवडत असताना मागून मशीनचा आवाज आला: "विम्याचा हप्ता भरला का." नव्हता भरला. मुदत संपत आली होती आणि घरात फक्त ह्यांनाच ते आठवत होतं. नंतर विषय सुरूच झाले. जुळे सोलापूरच्या प्लॉटची मोजणी, पेढीवरच्या पोराला जीएसटीत काय चुकतंय ते, माझ्या भावाकडचे उसने पैसे. गड्ड्याच्या यात्रेला मी या वर्षी जायचंच, असा हुकूमही लेखी आला. भांडणंही परत आली. हळू होतात, एका वाक्याला दोन-तीन मिनिटं, आणि मला तोवर उत्तर न देता थांबावं लागतं. वाक्य अर्धं असताना आपण ओळखून पुरं करायचं नाही, हा नियम ह्यांनीच घातला, आणि पाहुण्यांसाठी तो छापून भिंतीवर लावलाय.

सिव्हिलमधून अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढताना कळलं की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत या आजाराचं वेगळं नाव नाही. ह्यांची नोंद हालचालीच्या अपंगत्वात झाली. त्या कामाला लागणार असाल तर निदानाचे सगळे कागद आणि ईएमजीचा रिपोर्ट सोबत ठेवा, आणि माणूस खुर्चीत बसू शकतो तोवरच उरका.

सध्या लेकीच्या डोक्यात पंखा आणि दिवे नजरेनं लावायचं खूळ आहे. ह्यांनी तिच्याकडून खर्चाचा अंदाज मागवलाय, तोही लेखी, आणि दोन दुकानांचे भाव लावून.