तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या गाडीत स्वस्तात प्लेअर कसा जोडायचा?

जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं काम मी घरच्या घरी करते. कोणाकडे आजीच्या ओव्या असतात, कोणाकडे वडिलांनी रेडिओवरून टेप केलेली नाट्यगीतं, कोणाकडे गल्लीतल्या भजनी मंडळाचा हरिपाठ. ते सगळं एका छोट्या एमपीथ्री प्लेअरमध्ये भरून हातात दिलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "ताई, हे आमच्या गाडीत कसं वाजवायचं? गाडी जुनी आहे, नवा स्टिरिओ बसवायचा नाही, आणि फार खर्चही नको."

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आधी वायर बघा. वायरने जमत असेल तर बाकी कशाच्याही नादी लागू नका. दुकानात आधी एफएम ट्रान्समीटर, म्हणजे गाडीच्या रेडिओवर गाणं पाठवणारी डबी, पुढे करतात, कारण तो रेडिओ असलेल्या कुठल्याही गाडीत चालतो. माझ्या हिशोबात त्याचा नंबर शेवटचा.

फोन असताना वेगळा प्लेअर कशाला, असंही काहीजण विचारतात. त्या ओव्या आणि तो हरिपाठ कुठल्याच ॲपवर मिळणार नाहीत, हे एक. दुसरं म्हणजे आपल्या नाशिकहून मुंबईला निघालात की इगतपुरीपुढे कसारा घाटात रेंज येते-जाते, आणि ऐन रंगात आलेल्या गाण्यावर फोन खणखणतो. प्लेअरला यातलं काहीच आडवं येत नाही. वयस्कर माणसांना त्याची चार बटणंही बरी पडतात.

आता गाडीत बसा आणि स्टिरिओ नीट बघा. साडेतीन मिलिमीटरचं, हेडफोनच्या पिनेएवढं गोल भोक दिसतंय का? त्यालाच ऑक्स म्हणतात. ते स्टिरिओच्या तोंडावरच असेल असं नाही. काही गाड्यांत ते हँडब्रेकजवळ असतं, काहींत डाव्या बाजूच्या खणात. भोक आहे पण आवाज येत नाही, अशी तक्रार घेऊन बरेचजण येतात. तेव्हा सोर्स किंवा मोडचं बटण दाबत ऑक्सपर्यंत गेलात का ते बघा. काही स्टिरिओंत ऑक्स सेटिंगमध्ये बंद करून ठेवलेलं असतं, ते आधी चालू करावं लागतं. पुढे कुठेच भोक नसेल तर मेकॅनिककडून स्टिरिओ बाहेर काढून मागची बाजू बघून घ्या. काही स्टिरिओंत तिथे लाल-पांढऱ्या गोल पिनांची जागा असते. पण तिथे 'इन' लिहिलेलं हवं. 'आउट' असेल तर ती ॲम्प्लिफायरसाठी असते, आपल्या कामाची नाही. 'इन' असेल तर एका टोकाला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना अशी वायर मिळते. ती डॅशबोर्डमागून बाहेर काढून घेतली की काम झालं.

ऑक्सची वायर १००-२०० रुपयांत येते. पिनेवर दोन काळ्या रेघा असलेली घ्या. तीन रेघांची माइकवाल्या हेडफोनसाठी असते आणि कधी कधी नीट बसत नाही. प्लेअरच्या बाजूची पिन काटकोनात वळलेली असेल तर उत्तम, कारण खड्ड्यातून गाडी आदळली की सरळ पिनेचा सगळा ताण प्लेअरच्या भोकावर येतो. लांबी मीटरभर पुरते. जास्त लांब वायर गिअरमध्ये लोंबकळते, आणि ते धोक्याचं आहे.

वायर जोडली तरी अर्धंच काम झालं. पुढचा भाग कोणी सांगत नाही आणि सगळी मजा त्यातच आहे. प्लेअरचा आवाज पूर्ण चढवू नका. साधारण पाऊण ठेवा आणि बाकीचा गाडीच्या बटणाने घ्या. प्लेअर पूर्ण चढवला तर त्याच्या आतला इवलासा ॲम्प्लिफायर दमतो आणि वरच्या सुरातली तान फाटते. फार कमी ठेवला तर गाडीचा आवाज वाढवावा लागतो आणि त्याबरोबर खरखरही वाढते. बेस-ट्रेबल एकाच ठिकाणी बदला. प्लेअरमध्येही बेस बूस्ट आणि स्टिरिओमध्येही, असं केलंत की तबला नुसता घुमतो आणि गाण्याचे शब्द बुडतात.

काही दिवसांनी एक तक्रार हमखास येते: "गाडी चालू केली की कुंईं आवाज येतो, आणि ॲक्सिलरेटर दाबला की तो आणखी चढतो." प्लेअर त्याच वेळी लायटरच्या सॉकेटमधून चार्ज होत असेल तर हे होतं. चार्जरच्या वायरीतून एक अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी जोडणी, मिळते आणि ऑक्सच्या वायरीतून दुसरी, दोन्ही मिळून एक फेरा तयार होतो, आणि इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरचा आवाज त्या फेऱ्यातून स्पीकरपर्यंत पोचतो. इंजिनाचा वेग वाढला की सूरही वर जातो तो म्हणूनच. खात्री करायची असेल तर गाडी चालू ठेवून चार्जर उपटा. आवाज बंद झाला तर प्लेअर ठीक आहे, स्टिरिओ ठीक आहे, दोष त्या फेऱ्याचा आहे. यावर फुकटचा उपाय म्हणजे प्लेअर घरीच चार्ज करून निघणं. नाहीतर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते, ३००-४०० रुपयांच्या आसपास. तिच्या आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. गाणं त्यातून पलीकडे जातं आणि अर्थचा रस्ता तिथे तुटतो. ऑक्सच्या वायरीत ती मध्ये लावायची, एवढंच. या एका आवाजापायी लोकांनी स्टिरिओ बदललेले मी पाहिलेत, म्हणून जरा जास्तच सांगते आहे.

स्टिरिओ कॅसेटवाला असेल तर तो भंगारात देऊ नका. तुमचं काम कॅसेट अडॅप्टरने होईल. दिसायला ती साधी कॅसेटच, पण आत टेप नसते. टेपच्या जागी एक छोटं हेड असतं आणि बाहेर वायर येते. ते हेड डेकच्या, म्हणजे गाडीतल्या कॅसेट प्लेअरच्या, टेप वाचणाऱ्या हेडसमोर येतं आणि गाणं चुंबकीय लहरींनी या हेडातून त्या हेडात उतरतं. घेताना वायर कुठल्या कडेने बाहेर येते ते बघा. काही डेकमध्ये कॅसेट लांब बाजूने आत जाते, काहींत आखूड बाजूने. चुकीची निवडलीत तर वायर दारात चेमटते. डेक बाजू पालटत राहिला किंवा कॅसेट बाहेर फेकत राहिला तर त्याला टेप संपल्यासारखं वाटतंय, म्हणजे अडॅप्टरची चाकं अडकताहेत. दुसरा लावून बघा. आणि लावण्याआधी डेकचं हेड एकदा साफ करा: कान कोरायची कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून हलक्या हाताने फिरवायची. वर्षानुवर्षांची तपकिरी पूड काडीवर येते आणि लगेच आवाज उघडतो. हा बदल ऐकताना माणसांचे चेहरे बघण्यासारखे असतात. टेपची सरसर कमी करणारं डॉल्बीचं बटण असेल तर ते बंद ठेवा.

यूएसबी असलेल्या स्टिरिओत मी प्लेअर लावायलाच सांगत नाही. तीच गाणी पेन ड्राइव्हवर भरून कायमची गाडीत ठेवा. ३२ जीबीपर्यंतचा घ्या आणि गाणी भरण्याआधी कॉम्प्युटरवर फॅट-३२ या प्रकारात फॉरमॅट करा, कारण जुने स्टिरिओ दुसरं काही वाचत नाहीत. बरेच स्टिरिओ गाणी नावाच्या क्रमाने न वाजवता ज्या क्रमाने भरली त्या क्रमाने वाजवतात. हरिपाठाचा क्रम बिघडलेला आपल्याकडे कोणाला चालत नाही, तेव्हा नावाआधी ०१, ०२ घाला आणि त्याच क्रमाने एकेक कॉपी करा. प्लेअरच लावायचा असेल तर त्याच्या यूएसबी सेटिंगमध्ये एमटीपीऐवजी एमएससी निवडा, म्हणजे गाडीला तो पेन ड्राइव्हसारखा दिसतो. मात्र गाडीतलं यूएसबी नुसतं चार्जिंगचं तर नाही ना, हे आधी तपासा.

ब्लूटूथ रिसीव्हर घ्यावा का, असंही विचारता. साध्या प्लेअरमध्ये ब्लूटूथच नसतं, मग तो रिसीव्हर कोणाचं ऐकणार? शिवाय तोही ऑक्समध्येच लावायचा असतो. ऑक्स असेल तर सरळ वायर लावा.

राहिला एफएम ट्रान्समीटर. ऑक्स नाही, कॅसेट नाही, यूएसबी नाही, फक्त रेडिओ आहे, अशा गाडीला तोच. लायटरच्या सॉकेटमध्ये बसतो आणि गाडीपुरतं छोटं रेडिओ स्टेशन चालवतो. घेताना त्याला साडेतीन मिलिमीटरचं भोक आहे का ते बघाच. हल्लीच्या बऱ्याच ट्रान्समीटरना फक्त ब्लूटूथ आणि पेन ड्राइव्ह चालतो. मग ८७.५ ते १०८ च्या दरम्यान रिकामी जागा शोधायची. नाशिकमध्ये ९३.५ ला रेड एफएम, ९८.३ ला मिर्ची, १०१.४ ला आकाशवाणी, म्हणजे या आकड्यांपासून लांब राहा. स्टेशन आपोआप शोधणारं बटण वापरू नका. हाताने एकेक आकडा सरकवत जा आणि नुसती एकसारखी सरसर ऐकू येईल तिथे थांबा. त्र्यंबक किंवा वणीला जाताना हे छान चालतं. मुंबईकडे उतरलात की भिवंडी-ठाण्यापर्यंत स्टेशनांची रांग लागते, आपल्या जागेवर कोणीतरी येऊन बसतं आणि पुन्हा शोधाशोध करावी लागते. ती गाडी चालवणाऱ्याने करू नये, शेजारच्याने करावी. बोलणं, कीर्तन, भावगीतं यावर ठीक ऐकू येतात. तानपुऱ्यावरचा संथ आलाप मात्र सरसरीत हरवतो, आणि मला ते सोसवत नाही.

स्टिरिओच नसलेल्या गाडीत बॅटरीवरचा छोटा स्पीकर पुरे. तो डॅशबोर्डवर मोकळा ठेवू नका, ब्रेक लागला की उडतो. गाडी चालवताना कानात हेडफोन तर मुळीच नको, मागचा हॉर्न ऐकू यायला हवा. आणि एप्रिल-मेच्या उन्हात प्लेअर काचेमागे सोडून जाऊ नका. बंद गाडी भट्टीसारखी तापते आणि आतली लिथियमची बॅटरी फुगते.

एम. जी. रोडला वायर घ्यायला जाल तेव्हा प्लेअर खिशात असू द्या आणि गाडी जवळच लावा. दुकानदाराला सांगा, "दादा, गाडीत लावून बघतो, मग पैसे देतो." इंजिन चालू करून, ॲक्सिलरेटर थोडा दाबून, डावा आणि उजवा दोन्ही स्पीकर वाजतात का ते ऐका. एकच वाजत असेल तर तिथल्या तिथे दुसरी वायर मागा.