वर्षाला तीस पौंड

शार्लट ब्राँटीची ‘जेन एअर’ ही कादंबरी म्हटलं की बहुतेकांना माळ्यावर कोंडलेली वेडी बाई आठवते, ऐन लग्नात मोडलेलं लग्न आठवतं, नाहीतर आगीत खाक झालेला वाडा. मला सगळ्यात आधी आठवतो तो जेनचा पगार. वर्षाला तीस पौंड. लोवुडच्या शाळेत शिकवत होती तेव्हा तिला पंधरा मिळायचे. थॉर्नफील्डच्या वाड्यातल्या गव्हर्नेसच्या, म्हणजे घरी राहून मुलीला शिकवण्याच्या, नोकरीत थेट दुप्पट. एवढी वादळी प्रेमकथा, पण तिचा धागा सुरू होतो वर्तमानपत्रात दिलेल्या नोकरीच्या जाहिरातीपासून आणि उत्तरात आलेल्या पगाराच्या आकड्यापासून. मला हे फार आवडतं.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या या बायका, म्हणजे ब्राँटी बहिणी, गॅस्केलबाई, पुरुषी टोपणनावाने लिहिणारी जॉर्ज एलियट, अजून का वाचल्या जातात यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. कोणी यॉर्कशरच्या माळरानावरच्या वाऱ्याला श्रेय देतं, कोणी बंडखोर नायिकांना. असेल. माझं कारण जरा रुक्ष आहे. या बायका पैशांबद्दल बोलतात. किती आले, कुठून आले, कुणाच्या खिशात गेले, शेवटी किती उरले, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं आणि सांगायची लाज वाटत नाही. दर महिन्याला वाण्याचं बिल आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून बसणाऱ्या माझ्यासारखीला त्या लगेच ओळखीच्या वाटतात.

एक प्रसंग तर मी नुसता तेवढाच काढून वाचते. जेनची मामी मरणाला टेकलेली आहे, तिने बोलावणं पाठवलंय, आणि जेन वाड्याच्या मालकाकडे, रॉचेस्टरकडे, रजा मागायला जाते. तो विचारतो, तुझ्याजवळ पैसे किती आहेत? जेन बटवा काढून दाखवते. पाच शिलिंग, म्हणजे पाव पौंड. पगार द्यायचं मालकांच्या लक्षातच राहिलेलं नाही. पंधरा पौंड थकलेत. मग हे महाशय पन्नासची नोट पुढे करतात. जेन म्हणते, माझ्याकडे सुटे नाहीत. तेवढ्यात त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो, की हिच्या हाती पन्नास पौंड लागले तर ही तीन महिने परतायची नाही. तो दहाच देतो. जेन शांतपणे म्हणते, ‘आता तुमच्याकडे माझे पाच राहिले.’ तो म्हणतो, ‘मग ते न्यायला परत ये.’

चांदणं नाही, गुलाब नाही. थकलेला पगार आहे आणि सुट्या पैशांची अडचण आहे, आणि त्यातच दोघांनी एकमेकांना जे सांगायचं ते सांगून टाकलंय. पुढे लग्न ठरल्यावर रॉचेस्टर तिला रेशमी कापडं घ्यायला घेऊन जातो, तेव्हा ती अवघडून जाते. म्हणते, मी तुमच्या ॲडेलला शिकवतच राहीन. त्यात माझं जेवणखाण आणि राहणं सुटेल, वर वर्षाचे तीस पौंड. होणाऱ्या नवऱ्याकडे पगार चालू ठेवायची मागणी करणारी नायिका मला तरी दुसरी भेटलेली नाही.

शार्लट ब्राँटीला हे आकडे कल्पनेतून सुचले नव्हते. १८४१ साली ती एका घरी गव्हर्नेस होती. पगार म्हणायला वीस पौंड, पण कपडे धुण्याचे चार कापून घेतले जात, म्हणजे हातात सोळाच. ज्या बाईच्या पगारातून धुण्याचे पैसे कापले गेलेत ती पुढे नायिकेचा पगार लिहिताना हलगर्जीपणा करणार नाही. ‘जेन एअर’ १८४७ च्या ऑक्टोबरात आली, करर बेल या टोपणनावाने. त्या काळी तीन खंडांतली नवी कादंबरी साडेएकतीस शिलिंगांना पडे. मी एकदा बसून गणित मांडलं. जेनच्या पगारात ही जवळजवळ तीन आठवड्यांची कमाई होते. म्हणजे ‘जेन एअर’ विकत घेणं जेनला परवडलंच नसतं. तिच्यासारखे वाचक मग मुडीच्या वाचनालयाकडे वळत. तिथे वर्षाला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, भरली की एका वेळी एक खंड घरी नेता येई, आणि दुसरा खंड कोणीतरी आधीच नेलेला असला तर नायिकेला संकटात लोंबकळत ठेवून वाट बघत बसायचं.

शार्लटची बहीण एमिली, तिचं चित्र आपल्या मनात वेगळंच असतं. वावटळीत माळरान तुडवणारी, माणसांपेक्षा कुत्र्यांत रमणारी, अर्धी या जगातली आणि अर्धी त्या. ते खोटं नाही. पण ब्राँटींच्या हॉवर्थ गावातल्या घरात मावशीच्या मृत्युपत्रातून बहिणींना थोडे पैसे मिळाले, ते रेल्वेच्या शेअरमध्ये गुंतवले गेले, आणि त्यांची व्यवस्था बघत होती ती एमिली. रेल्वेसंबंधी वर्तमानपत्रात छापून आलेला प्रत्येक मजकूर, अगदी जाहिरातीसुद्धा, ती बारकाईने वाचत असे, असं शार्लटनेच एका पत्रात लिहिलंय. हे कळल्यावर मी तिची ‘वुदरिंग हाइट्स’ पुन्हा उघडली आणि मला ती थोडी सावकारी कादंबरी वाटायला लागली. तिचा नायक हीथक्लिफ सूड कसा घेतो? आक्रोश तर तो करतोच, पण त्याची खरी हत्यारं म्हणजे गहाणखत आणि लग्न. ज्या घरात तो वाढला तिथल्या, जुगाराच्या नादी लागलेल्या हिंडलीला पैसे पुरवून त्याची जमीन गहाण घ्यायची. नंतर आपल्या आजारी पोराचं लग्न शेजारच्या घरच्या मुलीशी लावून ती इस्टेटही खिशात घालायची. प्रेयसी कॅथीच्या नावाने टाहो फोडणारा हा माणूस कागदपत्रांना फार पक्का आहे. १९२६ साली सी. पी. सँगर नावाच्या एका कायदेपंडिताने कादंबरीतला हा सगळा व्यवहार तपासून पाहिला आणि एमिलीला वारसा आणि मालमत्तेचा कायदा नीट कळत होता असं दाखवून दिलं.

आपल्याकडे या दोन्ही कथा हिंदी पडद्यावर आल्या, आणि गंमत म्हणजे दोन्हींचा नायक एकच. ‘संगदिल’मध्ये, १९५२ साली, दिलीपकुमार रॉचेस्टर झाला आणि १९६६ च्या ‘दिल दिया दर्द लिया’मध्ये हीथक्लिफ. दर्द भरपूर उतरला. तीस पौंडांना मात्र कुणी चाल लावली नाही, आणि खरं सांगायचं तर लावणारही कशी!

तिसरी बहीण ॲन. तिला सगळे विसरतात, आणि माझी सगळ्यात लाडकी तीच. ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’मधली हेलन दारुड्या नवऱ्यापासून मुलाला घेऊन पळायचं ठरवते. पुढे चित्रं विकून पोट भरायचा तिचा बेत असतो. नवरा तिची रोजनिशी वाचतो, किल्ल्या हिसकावतो, रंग आणि ब्रश शेकोटीत टाकतो आणि तिचे पैसेही काढून घेतो. हे वाचताना अंगावर काटा येतो तो त्याच्या क्रूरपणापेक्षा याचा, की कायदा त्याच्या बाजूचा होता. बायकोची कमाई ही तेव्हाच्या इंग्लंडात नवऱ्याचीच. हेलन तरीही निसटते, खोट्या नावाने राहते आणि चित्रं विकते. ही कादंबरी १८४८ ची. ॲन गेल्यावर शार्लटने ती पुन्हा छापू दिली नाही; विषयाची निवडच चुकली, असं तिचं मत होतं. शार्लटवर माझा कितीही जीव असला तरी हे मी तिला माफ केलेलं नाही.

त्या कायद्याचा घरगुती अवतार एलिझाबेथ गॅस्केलच्या एका पत्रात सापडतो. १८५० साली डिकन्सच्या साप्ताहिकात तिची गोष्ट आली आणि वीस पौंड मिळाले. ती मैत्रिणीला कळवते, की विल्यमने ते शांतपणे खिशात घालून वर बटण लावलं. विल्यम म्हणजे नवरा, मँचेस्टरचा धर्मोपदेशक, आणि सगळ्यांच्या मते सज्जन माणूस. त्या बटणातच सगळं आलं. भांडण नाही, आदळआपट नाही. रागाचा एक शब्द न वापरता तिने नवऱ्याची आणि कायद्याची एकदमच टोपी उडवली. १८५६ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कासाठी पार्लमेंटकडे अर्ज गेला, त्यावर तिची सही होती, कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगचीही होती. कमाई बायकोची स्वतःची, हे मान्य व्हायला १८७० उजाडलं आणि बाकीची मालमत्ता तिची व्हायला १८८२. तोवर गॅस्केलबाई थांबल्या नाहीत. १८६५ साली त्यांनी लिखाणाच्या पैशांच्या भरवशावर हॅम्पशरमध्ये एक घर घेतलं, नवऱ्याला न सांगता. त्याला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. त्याच नोव्हेंबरात, त्याच घरात, मुलींशी बोलता बोलता त्या गेल्या.

त्यांची ‘क्रॅनफर्ड’ मी माझ्या मावशीला वाचायला दिली होती. मावशी बँकेतून निवृत्त झालेली, कादंबऱ्यांच्या वाटेला फारशी न जाणारी. तिला ती इतकी आवडली की पुस्तक अजून परत आलेलं नाही. एका छोट्या गावात बहुतेक बायकाच, त्याही प्रौढ कुमारिका नाहीतर विधवा, पैसे बेताचे आणि ऐट मोठी. काटकसर करायची, पण ती काटकसर नसून अभिरुची आहे असं भासवायचं. मिस मॅटी दोन मेणबत्त्या ठेवते, पण जाळते एकच. आणि ती फार जळून दुसरीपेक्षा आखूड दिसायला लागली की विझवून दुसरी लावते. अचानक पाहुणे आले तर दोन्ही पेटवायच्या. दोन्ही सारख्या उंचीच्या दिसल्या म्हणजे रोज दोन्ही जळतात असं वाटणार! मावशीला हे वाचून आपल्या आजीच्या घरातल्या कंदिलाच्या काचा आठवल्या.

पण मावशीला खरी पकडली ती बँक बुडण्याच्या प्रकरणाने. मिस मॅटी दुकानात रेशमी कापड घ्यायला गेलेली असते. शेजारी एक शेतकरी घरच्यांसाठी शाल घेतोय. त्याची पाच पौंडांची नोट दुकानदार घेत नाही, कारण बँक बुडणार अशी कुणकुण आहे. ती नेमकी मिस मॅटीच्या बँकेची नोट, जिथे तिचं सगळं भांडवल आहे. आणि ही म्हातारी काय करते, तर ती नोट स्वतः घेऊन त्याला पाच सोन्याची नाणी देते. मी भागधारक आहे, लोकांना फसवणं बरं नाही, असा तिचा साधा हिशेब. रेशमी कापड राहून जातं. दुसऱ्या दिवशी बँक बुडते आणि तिच्या हाती वर्षाला साधारण तेरा पौंड उरतात.

मावशी फोनवर म्हणाली, ‘अगं, वेडी आहे का ती? बुडत्या बँकेची नोट स्वतःच्या पैशांनी घ्यायची?’ आणि मग थोड्या वेळाने, ‘पण आमच्या वेळी असा एक तरी डायरेक्टर पाहायला मिळाला असता तर बरं झालं असतं.’

पुढे मिस मॅटी चहा विकायला लागते. त्याआधी ती गावच्या दुकानदाराला विचारून येते, की माझ्यामुळे तुमच्या धंद्याला धक्का तर लागणार नाही ना? तो उलट आपली गिऱ्हाइकं तिच्याकडे पाठवतो. हिरवा चहा मागणाऱ्यांना ती, हे हळूहळू भिनणारं विष आहे बरं का, असं कळवळून सांगते. पोरं गोळ्या घ्यायला आली की मापाच्या वर टाकते. अर्थशास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात न बसणारं दुकान, आणि चालतं!

सगळ्यांचंच असं गोड झालं नाही. त्याच काळातली कादंबरीकार मार्गारेट ऑलिफंट, तिचा नवरा १८५९ साली रोममध्ये क्षयाने गेला, मागे कर्ज ठेवून. दोन मुलं होती आणि तिसरं पोटात. ती आधीपासून लिहीत होतीच, पण आता जन्मभर थांबायची सोय राहिली नाही. स्वतःची मुलं, मग भावाचं कुटुंब, सगळ्यांचा खर्च लेखणीवर. शंभराच्या आसपास कादंबऱ्या झाल्या. आत्मचरित्रात तिने जॉर्ज एलियटकडे पाहून विचारलंय, मलाही असं काचघरात जपून ठेवलं असतं तर मी जास्त चांगलं लिहिलं असतं का? वाचताना पान उलटवत नाही. हेवा आहे त्यात, पण प्रश्न खरा आहे.

जॉर्ज एलियटला काचघर मिळालं हे खरं, पण ती आत बसून आंधळी झाली नाही. कादंबऱ्या लिहायच्या आधी, १८५६ साली, तिने बायकांच्या भंपक कादंबऱ्यांवर एक खवचट लेख लिहिला होता. त्यात तिची तक्रारच ही, की या पुस्तकांतली नायिका बहुधा मोठी वारसदार असते, आणि लिहिणाऱ्या बाईने बौद्धिक सोडून दुसरं कुठलंच दारिद्र्य पाहिलेलं नसतं. ‘मिडलमार्च’मध्ये तिने त्याची पुरती भरपाई केली. डॉक्टर लिडगेट आणि रोझमंडचं लग्न कुठल्या परपुरुषाने किंवा परस्त्रीने पोखरलेलं नाही, फर्निचर आणि चांदीच्या भांड्यांच्या बिलांनी पोखरलंय. तो म्हणतो, खर्च कमी करू, घर भाड्याने देऊ. ती हो-नाही काही न म्हणता परस्पर जाऊन तो व्यवहार थांबवते. त्या दोघांची संध्याकाळची बोलणी वाचताना शेजारच्या फ्लॅटच्या भिंतीला कान लावल्यासारखं अपराधी वाटतं.

आणि त्याच कादंबरीतली डोरोथिया. श्रीमंतीत वाढलेली, पहिल्या नवऱ्याने मृत्युपत्रात अट घालून ठेवलेली, की हिने विल लॅडिस्लॉशी लग्न केलं तर माझ्या इस्टेटीतलं काही मिळणार नाही. बाहेर वादळ चाललंय, विल निरोप घेऊन निघालाय, आणि ही हुंदके देत म्हणते, आपण माझ्या स्वतःच्या पैशांत छान राहू, वर्षाचे सातशे पौंड आहेत, मला फार लागत नाही, नवे कपडे नकोत, आणि कशाला काय पडतं ते सगळं मी शिकेन.

प्रकरण तिथेच संपतं. विल त्यावर काय म्हणाला ते एलियटबाई सांगत नाहीत. मावशीला मी हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, ‘सातशे? त्या जेनच्या तेवीसपट झाले की. शिकेल, शिकेल. आधी मेणबत्त्यांचा भाव विचार म्हणावं.’